केस झाले ब्राऊन, आता कुर्ता कोणत्या रंगाचा घेऊ?

ताई, मी २६ वर्षांची, रंग गव्हाळच्या थोडा पुढे, म्हणजे सावळीच समज. जानेवारीत मावसबहिणीच्या लग्नासाठी पार्लरमध्ये केस कॅरॅमल ब्राऊन करून घेतले, तेव्हा सगळ्यांना आवडले. आता उन्हाळ्याचे कपडे घ्यायला निघाली तर काहीच जमून नाही राहिलं. मोबाईलमधल्या एका फिल्टरनं मला 'वॉर्म ऑटम', म्हणजे पिवळसर-मातकट रंग शोभणारी, ठरवलं आणि जिकडे पाहावं तिकडे हेच सांगतात की ब्राऊन केसांवर मस्टर्ड, रस्ट, ऑलिव्ह, बेज छान दिसतं. म्हणून बर्डीच्या बाजारातून एक रस्ट आणि एक मस्टर्ड कुर्ता घेतला. आई म्हणते, 'मळकी दिसून राहिली तू'. आणि खरंच दिसते. पाडव्याला साडी नेसायची आहे, आजीची कोशाची साडी आहे घरी. एप्रिलमध्ये भावाचा साखरपुडा, लॉनवर, रात्रीचा. आणि रोजचं ऑफिस आहेच, स्कूटीनं जाते. बजेट चार-पाच हजार. आईचं म्हणणं की केस परत काळे करून टाक, कटकट मिटेल. काय करू?
नागपूरच्या त्रिमूर्ती नगरहून, एक गोंधळलेली

अगं, आईचं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि शेवटचं चूक आहे, मधलं सगळं आपण पाहू.

आधी तो रस्ट कुर्ता. त्यात कुर्त्याचा काही दोष नाही आणि तुझ्या रंगाचा तर बिलकुलच नाही. 'ब्राऊन केसांना हे रंग घाला' असा जो सल्ला सगळीकडे फिरून राहिला आहे ना, तो मुळात गोऱ्या आणि ब्राऊन केसांच्या बायकांना डोळ्यासमोर ठेवून दिलेला आहे. त्यांचा चेहरा फिका, केस त्याहून चांगले गडद, म्हणजे चेहरा आणि केस यांच्यात फरक आधीच तयार, मग गळ्याशी मस्टर्ड आलं काय आणि बेज आलं काय, चेहरा उठून दिसतोच. तुझं नेमकं उलटं झालं. केस काळे होते तोवर काळे केस आणि सावळा चेहरा असा ठसठशीत फरक तुला फुकटात मिळत होता, म्हणून कुर्ता कोणताही घातला तरी चालून जायचं आणि तुला कधी विचारच करावा लागला नाही. कॅरॅमल केल्यावर केस चेहऱ्याच्या रंगाच्या जवळ सरकले. आता त्यात रस्ट कुर्ता म्हणजे केस ब्राऊन, चेहरा ब्राऊन, कुर्ता ब्राऊन, कुठं काय संपतं आणि कुठं काय सुरू होतं तेच कळत नाही. आई यालाच मळकी म्हणून राहिली.

म्हणजे काम एवढंच आहे की जो फरक आधी केस द्यायचे तो आता गळ्याशी येणाऱ्या कपड्यानं द्यायचा. कपडा चेहऱ्यापेक्षा एकतर चांगला उजळ पाहिजे, नाहीतर चांगला गडद आणि भरलेल्या रंगाचा पाहिजे. मधलं मधलं, मातकट, धुरकट असं जे काही आहे ते गळ्यापासून लांब. बाकी तू वॉर्म (पिवळसर झाकेची) आहेस का कूल (निळसर झाकेची) आहेस हे सगळं त्याच्यानंतर येतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नको, स्वतः करून पाह्य. सकाळी नऊ-साडेनऊला बाल्कनीत उभी राह्य, थेट उन्हात नाही, सावलीत, तोंड धुतलेलं, मेकअप नाही, केस मोकळे. घरातले चार-पाच कपडे घे, ते दोन्ही कुर्ते, बाबांचा एखादा पांढरा शर्ट, आईची एखादी गडद हिरवी किंवा जांभळी ओढणी, आणि एकेक हनुवटीखाली धरून सेल्फी काढ. ब्यूटी फिल्टर आधी बंद कर, त्याच्यानं सगळे सारखेच गोरे दिसतात. मग ते फोटो फोनमध्येच ब्लॅक अँड व्हाईट कर. रस्ट कुर्त्याच्या फोटोत केस, गाल आणि गळा हे तिन्ही जवळपास एकाच राखाडी शेडमध्ये दिसतील, अगदी जबड्याची रेषसुद्धा शोधावी लागेल. पांढऱ्या शर्टात आणि गडद ओढणीत तीच रेष कापून काढल्यासारखी दिसेल. रंगीत फोटोत आपल्याला रंग आवडला की डोळे फसतात, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये फसायला काही राहतच नाही. मग रंगीत फोटो परत पाह्य आणि यावेळी कपड्याकडे बघू नको, डोळ्याखालची काळी वर्तुळं आणि ओठांच्या कडेचा काळपटपणा बघ, काही रंगांत ते वाढलेले दिसतात आणि काहींत कमी, चेहरा तोच असून.

हे असं काहून होतं ते पण सांगते, मजेशीर आहे. मिशेल शेवरल नावाचा एक फ्रेंच केमिस्ट होता, पॅरिसच्या गोबेलिन नावाच्या, भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख. तिथं तक्रार आली की काळा रंग नीट बसत नाही, फिका दिसतो. त्यानं तपासलं तर रंगात काहीच खोट नव्हती, त्या काळ्या धाग्याच्या बाजूला जे निळे-जांभळे धागे विणले होते त्यांच्यामुळे काळा मेल्यासारखा दिसत होता. यावर त्यानं १८३९ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, की कोणताही रंग एकटा दिसत नाही, शेजारचा त्याला बदलवतो. आणि त्यात बायकांचे केस, चेहरा आणि कपडे यांचा हिशोबही मांडला होता, म्हणजे तुझा प्रश्न काही आजचा नाही.

आता हे तुझ्या केसांना लाव. ब्राऊन म्हणजे खरं पाहिलं तर गडद नारिंगीच, आणि नारिंगीच्या समोरचा रंग निळा. म्हणून निळ्याच्या शेजारी ब्राऊन केसांतली सोनेरी झाक एकदम वर येते, फोटोत फार छान दिसतं. पण यात एक मेख आहे. पार्लरचा ब्राऊन दोन-तीन महिन्यांत धुऊन धुऊन उतरतो आणि खालचा तांबूस-नारिंगी दिसायला लागतो, नागपूरचं ऊन त्यात भर घालतंच. जर तुझे केस आता तसे तांबडे पडले असतील तर भडक रॉयल ब्लू त्यांना अजून नारिंगी दाखवेल. मग तितका भडक नसलेला, गडद, निळ्यात थोडा हिरवा मिसळलेला घे, म्हणजे आपला रामा कलर, मोरपंखी. रामा हा माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात सेफ रंग आहे, गडद आहे, भरलेला आहे, सावळ्या रंगावर कधीच धुरकट पडत नाही आणि केसांशी भांडतही नाही. दुकानात त्याचं इंग्रजी नाव टील सांगून मागितलं तर कधी कधी राखाडी निळं काढून दाखवतात, रामा म्हण, बरोब्बर काढतील.

त्यानंतर डाळिंबी. मरून नाही म्हणत मी, मरूनमध्ये ब्राऊन जास्त झाला की परत तीच गत. डाळिंबी म्हणजे ज्यात लाल जिवंत आहे तो. मग बॉटल ग्रीन, गडद जांभळा, वांगी. उजळ बाजूला मोतिया, फिकट लिंबू, आणि अबोली, पण अबोली जरा खुललेली, पावडर टाकल्यासारखी फिकट नको. पिवळा घालायची हौस असेल तर मस्टर्ड सोडून सरळ हळदी घे. दोन्ही पिवळेच, पण मस्टर्डमध्ये माती मिसळलेली असते आणि हळदीत उजेड असतो, तुझ्या गळ्याशी हाच सगळा फरक पडतो. शिवाय मार्चमध्ये इकडे पळस फुललेला असतो, सगळ्या दुकानांत केशरी-नारिंगी लागलेलं असतं, ते पाहून मोह होईलच. केशरी चालेल, भडक असला तरी चालेल, फक्त केस आणि कुर्ता एकाच जातीचे होतात तर मधे काहीतरी तोड टाक, पांढरी ओढणी किंवा कानात मोती.

पेस्टलबद्दल थोडक्यात. उन्हाळा आला की मिंट, लव्हेंडर, बेबी पिंक असं सगळं मॅनेक्विनवर चढवतात. त्यातलं मिंट आणि पिस्ता तुला चालेल. लव्हेंडर आणि ते राखाडी गुलाबी, ज्याला डस्टी रोज म्हणतात, ते सोड, सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखे वाटतात आणि तांबूस केसांबरोबर तर अजूनच.

पांढरा घालशीलच, नागपूरच्या उन्हाळ्यात कोण नाही घालत. फक्त ट्यूबलाईटसारखा निळसर पांढरा टाळ आणि मोतिया किंवा साधा कोरा कॉटनचा पांढरा घे, केसांच्या ब्राऊनला तो जास्त मानवतो. काळा आधी तुला सहज चालायचा कारण केसही काळे होते, आता काळ्या कुर्त्यावर केस जास्त लालसर वाटतील. वाईट नाही दिसत, फक्त पाहून घालजो.

आणि ते 'वॉर्म ऑटम' प्रकरण. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर ही त्यात माणसांच्या रंगाची गटं आहेत, ऋतूशी त्याचं काही घेणंदेणं नाही, हे आधी लक्षात घे, नाहीतर 'स्प्रिंगचे रंग' शोधायला गेलीस तर भलतंच काही सापडतं. ती पद्धत अगदीच टाकाऊ नाही, पण नीट करायची तर दिवसाच्या उजेडात, कपड्याचे तुकडे एकेक धरून करावी लागते. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत स्वतःच्या मर्जीनं पिवळं-निळं कमीजास्त करतो, आणि तू घरातल्या पिवळ्या बल्बखाली फिल्टर लावलास तर तो कोणालाही वॉर्मच म्हणणार. मनगटाची नस हिरवी का निळी हे पाहणं पण आपल्या रंगावर फारसं कामाचं नाही, सावळ्या हातावर बऱ्याचदा दोन्ही दिसतात नाहीतर काहीच दिसत नाही.

दुकानाचंही तेच. बर्डी असो, गांधीबाग असो की धरमपेठ, आतमध्ये एलईडी इतके लख्ख पांढरे लावलेले असतात की रामा निळा दिसतो आणि वांगी काळा. कपडा घेऊन दारापर्यंत ये, लाजायचं काही काम नाही, जुने दुकानदार तर स्वतःच म्हणतात, ताई उजेडात पाहून घ्या. हनुवटीखाली धर, सोबत जी कोणी आली असेल तिला विचार की आधी काय दिसलं, कुर्ता का चेहरा. कुर्ता म्हणाली तर ठेवून दे.

आता पाडव्याची साडी. कोसा आहे हे वाचून मला तर मस्त वाटलं. आपल्या भंडाऱ्याकडचा कोसा, ऐन आणि अर्जुनाच्या झाडावरच्या किड्यांचा, त्याचा मूळचा रंग हा मधाळ बदामी असतो, रंग न देताच. आजीची आहे तर बहुतेक करवती काठाची असेल, काठाला करवतीचे दात असतात बघ, ती. नेसायची म्हणजे नेसायचीच, पण आता तुला कळलं असेल अडचण कुठं आहे. कोसा बदामी, केस कॅरॅमल, तू सावळी. पदर खांद्यावरून आला की सगळं एकजीव होईल. म्हणून सगळा खेळ ब्लाऊजचा. मॅचिंग बदामी किंवा सोनेरी ब्लाऊज अजिबात शिवू नको, टेलर तेच सुचवेल. साडीच्या काठात जो सगळ्यात गडद रंग आहे तो उचल, लाल काठ असेल तर डाळिंबी, नसेल तर बॉटल ग्रीन, आणि गळा फार खोल ठेवू नको, ब्लाऊजचा रंग हनुवटीपासून चार बोटांवर दिसला पाहिजे. केस मोकळे सोडशील तर ते दोन्ही खांद्यांवर कोशावरच पसरतील आणि दिसणारच नाहीत, अंबाडा घाल आणि भरगच्च गजरा लाव. पांढरी फुलं त्या ब्राऊनमध्ये काळ्या केसांपेक्षाही छान दिसतात, हा मात्र तुला केस रंगवल्याचा फायदा. ठुशी चालेल, पण चेहऱ्याजवळ मोत्याचं काहीतरी असू दे.

साखरपुडा रात्रीचा आहे आणि लॉनवर आहे, तिथं हिशोब बदलतो. लॉनवर पिवळे बल्ब आणि झालरी असतात, पिवळ्या उजेडात निळे-जांभळे रंग मरतात आणि लाल, केशरी, पिवळे उजळतात. म्हणजे दिवसा ज्या वांगी रंगावर तू खूश होशील तो तिथं नुसता काळपट दिसेल. भावाचा साखरपुडा आहे, डाळिंबी घाल. नवरीनं पण लालच घेतला असेल तर आधी विचारून घेजो, उगाच घरात विषय नको, मग बॉटल ग्रीनवर सोनेरी जरी.

रोजच्या ऑफिससाठी मी कुर्ते कमी आणि ओढण्या जास्त घे म्हणेन. चार-पाच हजारांत साखरपुड्याचं धरून सगळं बसवायचं आहे तर नवे कुर्ते दोनच, एक रामा आणि एक मोतिया, दोन्ही कॉटन. आणि तीन मलमलच्या ओढण्या, हळदी, डाळिंबी, पिस्ता. जुने काळे-करडे जे काही आहे त्याच्यावर पण त्या चालतात. रस्ट आणि मस्टर्ड फेकू नको. कुर्त्याचा रंग वाईट दिसतो तो फक्त चेहऱ्याजवळच्या वीतभर जागेत, कमरेखाली कोणाला काय फरक पडतो. टेलरकडे ने, गळ्याला आणि बटणपट्टीला मोतिया रंगाची दोन बोटं रुंद पट्टी लावून घे, आणि रस्टवर रामा ओढणी गळ्यालगत घे, मागे सोडलेली नको. हे दोन रंग एकमेकांवर फार सुंदर दिसतात, तो कुर्ता तुझा सगळ्यात आवडता होऊन जाईल बघ. कानात ऑक्सिडाईज्डपेक्षा चांदीचं किंवा मोत्याचं, आणि न्यूड ब्राऊन लिपस्टिक तर बंदच कर काही दिवस, अजून एक ब्राऊन कशाला, बेरी किंवा विटकरी लाव.

स्कूटीवर तोंडाला-केसांना स्कार्फ बांधतच असशील. पूर्ण बांध, केस आत, रंग टिकायला त्याच्याएवढं स्वस्त काही नाही. स्कार्फचा रंग गाडीवर कोणी पाहत नाही, पण ऑफिसात पोचल्यावर आपण तो सोडून गळ्यातच अडकवून ठेवतो आणि एसीत संध्याकाळपर्यंत तोच चेहऱ्याजवळ बसतो. तो बेज, खाकी किंवा तपकिरी असेल तर बाकी सगळी मेहनत वाया. पांढरा घे, ऊनही कमी लागतं. आणि मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो तर घामाचे डाग कशावर दिसतात ते पण बघ, ग्रे आणि आकाशी सगळ्यात वाईट, पांढरा, गडद आणि प्रिंट यांच्यावर कमी दिसतात. गडद कपडे वाळत घालताना उलटे करून सावलीत, नाहीतर मे येईपर्यंत तुझा रामा फिका पडून राखाडी होईल.

मधे धुळवड आहे, पाडव्याच्या साधारण पंधरा दिवस आधी. रंगवलेले केस, त्यातही ब्लीच करून रंगवलेले, रंग पटकन पितात आणि गुलाबी-हिरवा मग आठवडाभर जात नाही. भरपूर खोबरेल लाव, वेणी घाल, वरून जुना स्कार्फ.

आणि आता आईचं काळं करण्याचं. नको करू. एकदा काळा चढवला की त्याच्यावर दुसरा ब्राऊन लावून तो उजळत नाही, काढायचा तर बहुतेक ब्लीचच करावं लागतं आणि तुझ्या केसांवर एकदा ते होऊन गेलेलं असेल. पुन्हा असे केस काळा रंग कुठं जास्त ओढतात कुठं कमी, मग तो विगसारखा सपाट दिसतो. तसंही केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे पाडव्यापर्यंत मुळाशी दोन-तीन सेंटिमीटर काळे आलेच असतील, आणि चेहऱ्याला लागून जे काळं असतं तेच तर आपल्याला पाहिजे होतं. टच-अप करू नको. पार्लरमध्ये इतकंच सांग की काळ्या मुळांपासून ब्राऊनपर्यंतचा जोड मऊ करून द्या, मुळाशी गडद ब्राऊन आणि खाली कॅरॅमल तसाच, त्याला ते रूट शॅडो म्हणतात. नवा रंग लागणार आहे तर ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट करून घे, जानेवारीत काही झालं नव्हतं म्हणून सोडून देऊ नको. आणि हे साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नको, आठ-दहा दिवस आधी.